आठशे सत्तेचाळीस नंबरचा डबा

माणूस पंचवीस हजार घालून एक वस्तू आणतो आणि नऊ वर्षं तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाही, त्याला शहाणा म्हणायचं की येडा? मी बरीच वर्षं येडाच म्हणत होते. तोंडावर म्हणत होते. हर्षद पेडणेकर हसायचा आणि पार्सलवर पत्ता लिहायला लागायचा.

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं कुरिअरचं काउंटर आहे. हर्षद तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहतो. वय छत्तीस, नर्सिंग होममध्ये एक्स-रे टेक्निशियन. वडील गिरणीत होते, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. दाढी नीट, इस्त्री कडक, आवाज कायम खालच्या पट्टीत. अशी माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्याशी भांडता येत नाही. हर्षद तेवढा आवडतो.

त्याला नाद एकच, जपानी कार्टूनचे डबे. कार्टून म्हटलं की त्याला लागायचं. "ॲनिमे म्हणा ना ताई." म्हणते बाबा, ॲनिमे. एका मालिकेच्या सगळ्या डिस्क, सोबत जाडजूड चित्रांचं पुस्तक, एखादं छोटं पितळी काहीतरी, आणि हे सगळं एका भारी खोक्यात. कंपनी मोजकेच काढते, प्रत्येकावर नंबर घालते, आणि संपले की संपले. लोक त्यासाठी लाखांत पैसे मोजतात. पहिल्यांदा मी पार्सलची किंमत वाचली तेव्हा म्हटलं, एक शून्य जास्त पडलंय.

स्वतः हर्षदकडे डबे चार-पाचच. पण भाव विचारायला त्याला अंधेरी-बोरिवलीपासून फोन यायचे. हा घेऊ का, किती द्यावे, थांबू का. तो फोटो मागवायचा, कोपरे बघायचा, आणि आकडा सांगायचा. बोरिवलीचा कोणी सौरभ एका डब्याला साठ हजार मोजायला निघाला होता. हर्षद म्हणाला, दोन महिने थांब, नवी आवृत्ती येतेय. तो थांबला आणि त्याला तोच डबा बावीसला मिळाला. मी म्हटलं, "अरे फुकट कसले सल्ले वाटतोस? दोन टक्के तरी काप."

"दोन टक्के घेतले की खरा भाव सांगवत नाही, ताई."

त्याचं गणित मला तेव्हापासून पाठ झालंय. मागितलेली किंमत म्हणजे भाव नाही, मिळालेली किंमत म्हणजे भाव. वस्तू दुर्मिळ आहे म्हणून महाग होत नाही, दोन माणसांना ती एकाच वेळी हवी झाली की होते. आणि कारखान्यातून आलेलं प्लास्टिक शाबूत असेल तर एक भाव, नसेल तर दुसरा. आतला माल तोच! ह्याच्यावर मी त्याच्याशी कडाकडा भांडले आहे. तो म्हणाला, "तुमच्या कपाटात पैठणी आहे ना? किती वेळा नेसलात?" मी त्याची पावती फाडून दिली. 

आठशे सत्तेचाळीस नंबरचा डबा त्याचा सगळ्यात लाडका, तोच तो पंचवीस हजारांचा. समुद्राखाली बुडालेल्या कुठल्याशा गावाची गोष्ट. ती त्यानं कॉम्प्युटरवर शेवंतीकाकींना दाखवली होती. शेवंतीकाकी म्हणजे त्याची आई, मूळची मालवणकडची, शिक्षण चौथी. जपानी बोलणार पडद्यावर, हर्षद शेजारी बसून मराठीत सांगणार, आणि काकी मालवणीत शिव्या घालणार त्यातल्या खलनायकाला. मी दोन-तीनदा ऐकलंय. दारातून हसू यायचं.

मग सहाएक वर्षांपूर्वी काकींचे कान जायला लागले. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग माणसं. गोष्ट सांगणं बंद पडलं. ओरडून कशी सांगणार गोष्ट? हर्षद तिला हातानं खुणा करायचा, फार तर कॅलेंडरच्या मागे दोन शब्द लिहायचा. लांबलचक काही सांगायचं त्यानं सोडूनच दिलं. आणि आम्ही बाकीचे तर तिच्यासमोर वाटेल ते बोलायचो, ती भिंतीकडे बघत बसायची.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही कानांना मशीन लावा, आणि लवकर. कान नुसते पडून राहिले तर पुढे आवाज येईल पण शब्द कळायचे नाहीत, डावा तर जायला निघालाच आहे. चांगल्या जोडीचे एक लाख वीस हजार. पगारात दोघांचं घर चालत होतं, एवढंच. हर्षद त्या दिवशी काउंटरवर आला आणि म्हणाला, "ताई, आठशे सत्तेचाळीस काढतो."

वेळही बरोबर होती. ती मालिका इंटरनेटवर सगळीकडून काढून टाकलेली, डबे बनवणारी कंपनी बंद पडलेली. सीलबंद डब्याचा भाव सव्वा लाखाला टेकला होता. पण जानेवारीत दुसरी कोणी कंपनी तोच डबा नव्यानं काढणार अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि नवा आला की जुन्याची वाट लागणार. पवईचा अनिरुद्ध म्हणून एक जण तयार झाला. अट एकच, सील शाबूत, कोपरे शाबूत. दसऱ्याला सुट्टी होती, दुपारी बाराला स्वतः येऊन घेऊन जातो म्हणाला. हर्षदनं काकींना कॅलेंडरच्या मागे आकडा लिहून दाखवला, १,२५,०००, आणि डब्याकडे बोट केलं. मग तिच्या दोन्ही कानांना हात लावला. काकींना कळलं. त्या संध्याकाळी तिनं अख्ख्या मजल्याला रव्याचे लाडू वाटले.

दसऱ्याला मी सकाळी विहारात जाऊन आले, पांढऱ्या साडीतच बबल रॅप आणि जाड खोका घेऊन वर गेले. म्हटलं, सव्वा लाखाची वस्तू पिशवीतून कशाला जायला पाहिजे. हर्षद झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेला होता, तो माझ्या मागोमागच आला.

देवासमोर पाट मांडला होता. पाटावर विळी, कोयता, काकींची शिवणाची कात्री, स्कूटरची चावी. आणि मधोमध आठशे सत्तेचाळीस. त्याच्यावर हळदकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, वर अक्षता, वर एक फूल. प्लास्टिक शेजारी होतं, व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं.

माझ्या हातातला खोका पडला.

काकी खूश होती. जोरात म्हणाली, तिला आपल्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता, "प्लास्टिकार कुंकू टिकाकच नाय! मगे कापून काढलंय. लक्ष्मी घरातसून भायर जाता, तिका तशीच कशी धाडूची?"

आमच्यात कुंकू नाही, पण मी ह्या बिल्डिंगमध्ये तीस वर्षं काढली आहेत. नवा मिक्सर असो, फ्रीज असो, आधी प्लास्टिक काढायचं, कुंकू लावायचं, मग वापरायचं. काकींच्या हिशेबी तिनं काहीच वावगं केलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, की ह्या एका वस्तूत किंमत प्लास्टिकची आहे. कॅलेंडरच्या मागे एवढं सगळं कोण लिहितो!

मी हर्षदकडे बघितलं. तो दारात उभा होता, फुलांची पिशवी हातात. आता हा ओरडेल, मला वाटलं. ओरडावं असंच मला वाटत होतं, मीच ओरडणार होते. तो चपला काढून आत आला, पाटासमोर बसला, आणि डब्याला नमस्कार केला. मग आईच्या पाया पडला. काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

अनिरुद्ध बाराच्या ठोक्याला हजर. डब्याकडे बघितल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. पण मुलगा चांगल्या घरचा. काकींनी दिलेलं आपट्याचं पान घेतलं, वाकून नमस्कार केला, श्रीखंड खाल्लं. मग तो, हर्षद आणि मी जिन्यात आलो.

हर्षदच आधी बोलला. "उघडलेला आहे. दर्शनी बाजूला डाग आहे, पुसायला गेलं तर पसरेल. आतलं सगळं नवं. पंचेचाळीस."

अनिरुद्ध जरा घुटमळला. "काकींच्या मशीनसाठी होतं ना? मी साठ देतो."

"भाव पंचेचाळीस आहे."

"अरे देतोय ना तो!" मला राहवेना म्हणून बोलले. "आपणहून देतोय, घे ना मेल्या!"

"उद्या दुसऱ्या कोणाला त्यानं हा डबा दाखवला, तर तो म्हणेल हर्षदनं हा ह्याच्या गळ्यात साठला मारला. पंचेचाळीसच," तो म्हणाला. सांगितलं ना, भांडता येत नाही ह्या माणसाशी. मी डबा बांधून दिला. बांधताना बोटाला कुंकू लागलं.

काकींना त्यानं सांगितलं, सव्वा लाख आले. कॅलेंडरच्या मागे तेच लिहिलेलं होतं, त्यावर फक्त बरोबरची खूण केली. पंचेचाळीसमध्ये दिवाळीचा बोनस घातला तेव्हा एकाच कानाचं मशीन आलं. डावा निघालाय म्हणून आधी डावा वाचवायचा ठरला. उजव्याचं नंतर लावायचं, डॉक्टरच तसं म्हणतात, अशी थाप त्यानं मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली असेल. नाताळच्या आधी नवा डबा खरंच बाजारात आला आणि जुने उघडे डबे अठरावर आले. मी म्हटलं, बघ, साठ घ्यायचे होतेस. तो म्हणाला, पंचेचाळीस मिळाले तेच नशीब.

आता माझं सांगते. हे सांगायला मला जड जातंय.

संक्रांतीच्या आसपास मी काकींकडे बसले होते. ती घावणे घालत होती, मी नारळ खवत होते. माझ्या बहिणीचा, कमलचा, फोन आला. तिच्या सासूलाही कानाचं मशीन घ्यायचं होतं, किती लागतात विचारत होती. मी आपली नेहमीसारखी मोठ्यानं सुरू झाले. "अगं, एकाचंच घेतलं त्यानं. दोन्ही येणार होते, सव्वा लाखाला गिऱ्हाईक ठरलं होतं. पण म्हातारीनं पूजेच्या नादात प्लास्टिक कापलं ना! पंचेचाळीस आले हातात. ऐंशी हजारांवर पाणी. पोरगा एका शब्दानं बोलला नाही तिला."

तव्यावर घावणा करपल्याचा वास आला. मी वर बघितलं. काकी माझ्याकडे बघत होती. केसांच्या आड डाव्या कानात ते मशीन होतं. सहा वर्षांची माझी सवय, मशीन आलंय हे माझ्या टाळक्यातच शिरलं नव्हतं.

"नलू, माका आयकाक येता आता," ती म्हणाली. हळू म्हणाली. इतकं हळू बोललेलं मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी फोन ठेवला. काकींनी गॅस बंद केला आणि खालीच बसली. "मेल्या प्लास्टिकाक इतके पैसे?" म्हणाली. मी मान हलवली. तिच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड दाबून ती रडली, आणि मीही रडले, मला माझीच इतकी लाज वाटत होती. मग तिनं माझा हात घट्ट धरला. "त्येका सांगा नको, माका कळला म्हणान. माजो झिल हर्षद माका बोलाक नाय, मगे मियापण बोलूचंय नाय."

चार वाजता हर्षद ड्यूटीवरून आला. काकी तोवर तोंड धुऊन, नवा घावणा तव्यावर टाकून उभी होती. त्यानं चपला काढल्या आणि मोठ्यानं विचारलं, "आई, बरी आहेस ना?"

"आराडतंस कित्याक? आयकाक येता," काकी म्हणाली. मग त्याच्याकडे पाठ करून, घावणा उलटता उलटता, "डाक्टरणीक सांग, दुसरा मशीन नको म्हणान. ह्या एकाच कानान माका सगळा आयकाक येता. कानात दोन-दोन भोंगे कोणाक होये?"

हर्षदनं माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका हलका झालेला मी बघितला नव्हता. "खरंच सगळं ऐकू येतं हिला, ताई?"

"येतं रे," मी म्हटलं. "सगळं येतं."