झेंडूची चौकट

भोवती झेंडूच्या फुलांची चौकट लागल्याशिवाय जगात कुठलीही गोष्ट खरी घडत नाही, अशी माझ्या धाकट्या दिरांची खात्री होती. कुरुळीला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे प्रेसवर पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट काढतात आणि बिलं, पगार, फोन हे सगळं मी बघते. वर्कशॉपचं इंटरनेटवर पेज असावं हे भाऊजींना कुणीतरी सांगितलं, ते चांगलंच झालं. पण त्यांचं सगळं तरुणपण थेरगावात, डांगे चौकातले फ्लेक्स वाचत गेलेलं. त्यामुळे जाहिरात म्हणजे वर देव, खाली नेता आणि तळाला शुभेच्छुकांची रांग, यापलीकडे त्यांना काही पटत नसे. आमच्याकडे नेता नव्हता, म्हणून त्या जागी ते स्वतः हात जोडून उभे राहायचे. शुभेच्छुक म्हणून सगळे कामगार गोल गोल चौकटींत, शेवटी चहावाला, आणि उजवीकडे मी, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली, डोळे अर्धे मिटलेली. माझा फोटो काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, “वहिनी, फोटो नसला की माणूस रुसतं. रुसलेल्या माणसाला प्रेसवर बसवू नये.” मी प्रेसवर बसत नाही, हे सांगून उपयोग नव्हता.

नव्या प्रेसचा वाढदिवस त्यांनी पेजवर साजरा केला. कॉम्प्रेसर दुरुस्त झाला तेव्हा त्याचं हार्दिक अभिनंदन केलं. एकदा मी ओळखीतली मार्केटिंगवाली मुलगी गाठून आणली. तिने शांतपणे समजावलं की कंपनीची एक ओळख हवी, रंग दोनच ठेवावेत, मोकळी जागा सोडावी. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर म्हणाले, “दोन रंगांत दुखवट्याचा बोर्ड असतो. आपल्याकडं कोण गेलंय?” पेजवरून फोन येत, नाही असं नाही. एक गृहस्थ मुलीच्या बारशाचा बोर्ड कितीला करून द्याल म्हणून विचारत होते. ब्रॅकेट त्यांना नको होते, झेंडू आवडला होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, पण मग नव्या गाडीचं काम आलं. गाडी अजून बाजारात यायची होती. तिच्या भागाचा फोटो बाहेर जाता कामा नये, असं गाडीकंपनीने आमच्याकडून लिहून घेतलं होतं. दुसरी शिफ्ट या एका कामावर सुरू झाली होती. पहिला माल गेला त्या संध्याकाळी भाऊजींना आनंद आवरला नाही. सकाळी खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन आला, “पेजवरचा फोटो आत्ताच्या आत्ता काढा आणि दुपारी दोघं येऊन भेटा. आमच्याकडे कॉपी आहे.” जाताना गाडीत मी, काम गेलं तर दुसऱ्या शिफ्टमधल्या कुणाला काय सांगायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते.

चाकणला गाडीकंपनीच्या थंडगार खोलीत भिंतभर पडद्यावर आमचा फोटो लावला होता. मॅडमशेजारी डिझाइनचे साहेब बसले होते. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “यात आमचा पार्ट कुठे आहे?”

“हा काय साहेब, आमच्या प्रेसवरच्या अंकुशच्या मागं,” भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

“याची भोकं कुठे गेली?”

“ती झेंडूखाली गेली.”

“आणि इकडचा बेंड? मुख्य तोच आहे.”

“तिथं वहिनी आहेत.”

साहेबांनी पडद्यावरच्या माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माझ्याकडे. माझ्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांचा आजवर कुणाला काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. मॅडमनी कागद तोंडापुढे धरला होता. तो खाली ठेवून त्या म्हणाल्या, “या फोटोवरून कुणी आमचा पार्ट बनवून दाखवला, तर पुढची ऑर्डर मी त्यालाच देईन.” मग त्यांनी लेखी ताकीद दिली. सगळ्यांचे फोन दारातल्या कपाटात ठेवायचे आणि पेज जाणकार माणसाकडे सोपवायचं. काम मात्र आमच्याकडेच राहिलं. बाहेर आल्यावर हायवेवर थांबून आम्ही चहा घेतला. इतका चांगला चहा मी पूर्वी प्यायले नव्हते. भाऊजींनी त्याचा फोटो काढला नाही.

आता पेज त्या मार्केटिंगवाल्या मुलीकडे आहे. करडा आणि पांढरा, दोनच रंग. भरपूर मोकळी जागा, मधे ‘अचूकता’ एवढाच शब्द. दिसतं चांगलं, आणि फोनही आता ब्रॅकेटसाठीच येतात. दुसरी शिफ्ट चालू आहे. मला झोप लागते.

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला, अंकुशच्या आईचा, लातूरकडून. “बाई, कंपनी चालू हाय का?”

“चालू आहे की. का हो?”

“न्हाई, लेकराचा फोटू येईना झालाय कंपनीचा. आमी रोज बघायचो समदे. म्हनलं काढलं का काय त्याला.”

अंकुश छान आहे, काल ओव्हरटाइम केला, असं मी त्यांना सांगितलं आणि भाऊजींनाही हा फोन सांगितला. रविवारी शिफ्ट सुटल्यावर त्यांनी सगळ्यांना फाटकाबाहेर कंपाउंडच्या भिंतीला लावून उभं केलं. मागे फक्त भिंत, एकही मशीन नाही, पत्र्याचा तुकडा नाही. फोटो पेजवर नाही, ज्याच्या त्याच्या घरी पाठवायचा होता. मी न सांगता उजवीकडे जाऊन उभी राहिले आणि डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला.

फोटो पाठवण्याआधी ते फोन घेऊन माझ्या टेबलाशी आले. “वहिनी, चौकट लावू का?”

पूर्वी ते कधी विचारत नसत.

“लावा,” मी म्हटलं. “झेंडूचीच लावा.”