कासवांचं बेट

कुठलाही प्रश्न विचारा, चाचा आधी खाडीत बोट बुडवून जिभेला लावत आणि मग म्हणत, "हां, आता सांगतो." प्रश्न माझ्या लग्नाचा असला तरी.

नव्वदच्या दशकात आखातातल्या उम्म अल कुवैनला लाकडी होड्यांच्या एका कारखान्यात मी ऑफिस सांभाळायचो. रत्नागिरीकडचे चाचा तिथले मुख्य सुतार. तिथे इंग्रजांचा अंमल असतानाच गलबतातून आलेले. अरबी पक्की, इंग्रजी कामापुरती.

एका सकाळी एक म्हातारा इंग्रज जुना नकाशा घेऊन आला. तरुणपणी तो इथे अधिकारी होता. खाडीतल्या एका बेटाला त्याने आपल्या वाग्दत्त वधूचं नाव दिलं होतं. ते बेट त्याला पुन्हा पाहायचं होतं.

चाचांनी हे अरबीत सांगताच आमचा अरब मालक भडकला. "माझ्या आजोबांची कबर आहे तिथे. नाव ठेवणारा हा कोण?"

चाचांनी इंग्रजाला गोड आवाजात सांगितलं, "मालक विचारतात, बाईंना बेट आवडलं का?"

इंग्रज ओशाळला. "तिने पाहिलंच नाही. तिने दुसऱ्याशी लग्न केलं."

हे मात्र चाचांनी जसंच्या तसं अरबीत सांगितलं. मालक पोट धरून हसत सुटला. "यल्ला, चला."

मी हळूच चाचांना म्हटलं, "तुम्ही भलतंच सांगितलंत."

"खरं सांगितलं असतं तर दोघांच्या शिव्या मलाच पोचवाव्या लागल्या असत्या. या वयात?"

इंग्रजाने नकाशा बघून वाट दाखवली आणि होडी वाळूत रुतली. तिघे म्हातारे कपडे गुडघ्यावर घेऊन होडी ढकलू लागले, एकामागून एक पाण्यात बसले आणि उठायचं सोडून हसत राहिले. मलाही हसू आवरेना.

बेटावर मालक दगडांच्या एका ढिगापाशी दुआ मागायला हात पसरून उभा राहिला. इंग्रजाने विचारलं, "काय आहे तिथे?" या वेळी चाचांनी काही बदललं नाही. इंग्रजाने टोपी काढली. बऱ्याच वेळाने त्याने नकाशावरचं नाव खोडलं आणि खरं नाव विचारलं.

"कासवांचं बेट," चाचा म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं.

काही वर्षांनी चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर मालकाने, अरब आपल्या बरोबरीच्या माणसाला भेटतात तसं, त्यांच्या नाकाला नाक लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"गुदगुल्या होतात," चाचा म्हणाले आणि हसत, डोळे पुसत आत गेले. मालक दाराकडे बघत उभाच राहिला. मी गाडी आणली तरी त्याचा पाय निघेना.