दसरू कोतवाल आणि बारशाआधी गेलेली लेकरं

दसरू कोतवाल आधी मेलेले सांगायचा, मग जन्मलेले. बाजाराच्या आदल्या दिवशी तो शाळेच्या ओसरीवर यायचा, काठी भिंतीला टेकवायचा आणि डोळे मिटून आठवड्याचे जन्ममृत्यू घडाघडा म्हणायचा. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून ठाण्यात न्यायची वही मी भरायचो. एकदा मी उलट क्रमानं लिहायला घेतलं, तर त्यानं माझा हातच धरला. "मेल्याचं पयले लिवा गुरुजी. घरी जाताना तोंडात जलमल्याचं नाव रायलं पायजे."

जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं. मूल गावाजवळच्या धानपट्ट्यापासून आमचं गाव दहाएक मैल आत, सागाच्या जंगलात. मी नागपूरहून आलेला पंचविशीतला मास्तर, शहाणपण नको तेवढं. दसरू पन्नाशीचा, काटक आणि कामाला भलताच चोख. एकदा वेशीवर कुणी अनोळखी बैरागी मेला, तर त्याचं गाव शोधत हा दोन दिवस रान तुडवून आला. "मेला तो मेला, पन कुठचा होता हे तं कागदावर पायजे ना," म्हणाला. असा माणूस माझ्यापासून काही लपवत असेल, हे मला तीन वर्षांत कधी सुचलंही नाही.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याहून डॉक्टर आले. आमच्या भागाला एकच नर्सबाई मिळणार होती आणि ती कुठं द्यायची ते ठरवायचं होतं. त्यांनी गावोगावच्या वह्या शाळेच्या टेबलावर मांडल्या. धानपट्ट्यातल्या गावांत तान्ही मुलं सारखी जात होती. आमच्याकडे जन्म कमी, आणि तान्ह्यांचे मृत्यू जवळजवळ नाहीतच.

"तुमच्या जंगलाची हवा चांगली दिसते," डॉक्टर हसून म्हणाले. नर्सबाई धानपट्ट्यात द्यावी असं लिहायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, थांबा." दारात उभा दसरू म्हणाला. "हवा चांगली नाई. आमी सांगतच नाई."

"काय सांगत नाही?"

"बारशाच्या आधी गेलेले लेकरं."

डॉक्टरांना बघायला अंगणात जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नाव ठेवण्याआधी गेलेल्या लेकराचा तिकडे उच्चार करत नसत. केला, तर ते आईच्या पुढच्या गर्भाला भोवतं अशी समजूत. आणि दसरूच्या सुनेला, जनीला, आठवा महिना लागला होता. त्याची बायको सोनाबाई बायकांतून पुढं धावली.

"तोंड बंद ठेवा! घरात पोटुशी पोरगी आहे, दिसत नाई काय?"

दसरूनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं गप्प बसावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू? माझं शहाणपण त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं होतं.

"माह्याच घरचे दोन गेले साहेब," तो म्हणाला. "जनीचे. एक पाचव्या दिवशी, एक सातव्या. आंग आखडून गेले."

डॉक्टरांचा पेन थांबला. "हा तर धनुर्वात. नाळ कशानं कापता?"

"विळ्यानं."

"यापुढं विळा उकळल्याशिवाय लावू नका. नर्स इथंच येईल."

पण हुकूम निघायला वेळ लागला आणि सोनाबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. बाळंतपणाच्या वेळी त्याला दाराजवळही येऊ दिलं नाही. "पानी उकळा, विळा उकळा," म्हणून तो अंगणातून ओरडत राहिला. कुणी ऐकलं नाही. पोरगी झाली आणि सहाव्या दिवशी गेली. कोतवालानं जिभेनं नात खाल्ली, असं गाव उघड बोलू लागलं.

त्या आठवड्यातही तो ओसरीवर आला. "आज एकच आहे गुरुजी," डोळे न मिटता म्हणाला. "मेल्यातबी तेच लिवा, जलमल्यातबी तेच." मला रडू आवरलं नाही. तो मात्र वही घेऊन ठाण्याच्या वाटेला लागला.

वैशाखात नर्सबाई आली. महिनाभर तिला कुणी दार उघडलं नाही. मग शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि नर्सबाईला हाताला धरून आत नेलं ते सोनाबाईनंच. ते लेकरू जगलं, त्याचं बारसंही झालं.

दुसऱ्या दिवशी दसरू ओसरीवर बसून सांगत होता आणि मी लिहीत होतो. सोनाबाई आली, त्याच्याकडे न बघता माझ्यासमोर बसली.

"गुरुजी, आमचे तिघं लिवा."

तिसरीची नोंद आधीच होती, पण ते बोलायची माझी छाती झाली नाही. मी लिहू लागलो. नावाची जागा सवयीनं कोरी सोडली.

"नाव काऊन सोडून राह्यले?" ती म्हणाली. "लिवा. लक्षिमन. बिसन. आन् पोरीचं रुकमा."

दसरूनं मान वर केली. कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी बोलला. "तू नावं ठेवली होती?"

"पोटात होते तवाच," सोनाबाई म्हणाली.