गरम होऊ द्या

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पार्किंगवर उघडते. उघडते आपलं म्हणायचं. बारा वर्षं मी ती सकाळी लावूनच घेत आले. खालच्या मजल्यावरचे साठेभाऊजी रोज दहा मिनिटं पेट्रोलची गाडी नुसती घुरघुरवत ठेवायचे आणि धूर थेट माझ्या ओट्यावर. एकदा बोलले, तर म्हणाले, “इंजिन गरम व्हायला नको का, वहिनी? बायकांना त्यातलं काय कळणार!”

आज त्यांची नवी इलेक्ट्रिक गाडी खाली उभी आहे. बॅटरीचं बरं असतं, बटण दाबलं की निघायचं. पण भाऊजी सवयीने स्टीअरिंग धरून बसून राहिलेत. माणूसही जुन्या इंजिनासारखाच. किल्ली काढली तरी बॉनेट कितीतरी वेळ तापलेलं. माझा राग तरी कुठे निवलाय?

इतक्यात त्यांनी काच खाली करून वर पाहिलं. “वहिनी, चालू झालीय का हो ही? आवाजच येत नाही.”

पुढचे दिवे लागलेले मला वरून स्वच्छ दिसत होते. मी खिडकी सताड उघडली, चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि म्हटलं, “गरम होऊ द्या की, भाऊजी.”