सुभद्रेच्या नावावर

नर्मदा धुरीला कारखान्यात बावीस वर्षं कोणी नर्मदा म्हणून हाक मारली नाही. वेंगुर्ल्याच्या त्या काजूच्या कारखान्यात ती सुभद्रा होती. मुकादम हजेरी घेताना "सुभद्रा धुरी" म्हणायचा आणि नर्मदा "हजर" म्हणायची. शेजारच्या बाया "गो सुभद्रा, वायंच सरक" म्हणायच्या आणि ती सरकायची. पगाराच्या कागदावर सही करायची तीही सुभद्राच. बाई सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार; पण स्वतःच्या नावाची सही तिला मतदानाच्या दिवशी आठवून करावी लागे.

खरी सुभद्रा म्हणजे तिची थोरली जाऊ. कारखान्याच्या पटावर नाव होतं ते तिचं. पटावर नाव असलं की फंड कापला जायचा, म्हणजे म्हातारपणाची काहीतरी सोय व्हायची. बाकीच्या बाया रोजावर. आल्या तर मजुरी, नाही आल्या तर वाऱ्यावर. सुभद्राची कंबर धरली आणि डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केली, तेव्हा घरात मोठा प्रश्न पडला. पटावरचं नाव सोडायचं कसं? त्याच वर्षी नर्मदाचा नवरा सत्यवान रेडीच्या बंदरात खनिज भरताना गेला. पोटी मूलबाळ नाही, हाताला काम नाही. भाई मुकादमाने एका वाक्यात दोन्ही जावांचा प्रश्न सोडवला.

"नवीन नाव चढवूक मालक तयार नाय," तो म्हणाला. "सुभद्रेचा नाव आसा मां? त्याच नावार बस. काजीक काय कळता, खंयच्या बायलेचो हात लागलो तो?"

त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बाळंतपणाला गेलेल्या बाईच्या जागी तिची नणंद बसायची, लावणीच्या दिवसांत सुनेच्या जागी सासू बसायची. नाव तेच, हात बदललेले. फरक एवढाच की इतरांचे हात महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बदलायचे. नर्मदाचे बदलले नाहीत.

सुभद्राने तेव्हा शब्द दिला होता. मागितला नव्हता, आपणहून दिला होता. गणपतीचे दिवस होते, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधून झाली होती, आणि देवासमोर समई लावता लावता ती म्हणाली, "गो नर्मदा, फंड अर्धो तुझो, अर्धो माझो. पेन्शन मातर सगळी तुझी. बसतलंस तू, आणि खातलंय मी, असा कसा होयत?" पाच वर्षांचा सर्वेश, सुभद्राचा मुलगा, तेव्हा नर्मदाच्या मांडीवर बसून मोदकाचं नाक खात होता.

काजूचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना काजू गोड लागतो. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी काळी पडते, मग सोलते, मग पुन्हा काळी पडते. बाया हाताला राख चोळतात, खोबरेल लावतात. थोडा फरक पडतो, फार नाही. नर्मदा हळदीकुंकवाला गेली नाही कधी, पण लग्नाकार्यात गेली तरी हात पदराखाली घेऊन उभी राहायची. पानात वाढणारे ते काळे हात बघून एकदा मुंबईच्या पाहुणीने भात नको म्हटलं होतं.

आणि या सगळ्याचा मोबदला म्हणून दरवर्षी गणपतीच्या आधी फंडाची चिठी यायची. तीवर तीन रकाने असत: कामगाराच्या पगारातून कापलेल्या पैशांचा, मालकाने घातलेल्या पैशांचा आणि पेन्शनचा. बायांनी आपापल्या परीने त्यांचे अर्थ लावले होते. पहिला घाम, दुसरा उपकार, तिसरा म्हातारपण. उपकार कसला डोंबलाचा! कायद्याने ते पैसे घालावेच लागत होते. पण मालकाने तो गैरसमज कधी दूर केला नाही, आणि दूर करील तो मालक कसला. तिसऱ्या रकान्यात असेल तेवढी रक्कम म्हातारपणी दर महिन्याला मिळणार, याबद्दल तर कोणाच्याच मनात शंका नव्हती. रकाना वर्षागणिक फुगत होता आणि जेवणाच्या सुट्टीत बायांची म्हातारपणं श्रीमंत होत होती. कोणी मनातल्या मनात सोन्याच्या पाटल्या केल्या, कोणी काशीला जाऊन आली. ऑफिसात जाऊन विचारायचं कोणाच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण विचारलं आणि साहेब नाही म्हणाला, तर मग खायची पेज तरी घशाखाली उतरेल का?

नर्मदाही त्यांतलीच. चिठी आणून ती गणपतीसमोर नारळाखाली ठेवायची. धुरींच्या दोन चुली, पण गणपती एकच. विसर्जन झालं की सुभद्रा चिठी उचलून आपल्या ट्रंकेत ठेवायची. नाव तिचं, तेव्हा ट्रंकही तिचीच. हे नर्मदाला बरोबरच वाटायचं.

मग चिठी यायची बंद झाली.

"चिठी खंय, वयनी?" तिने त्या वर्षी विचारलं.

"ती आता कागदार येणा नाय. मोबायलार येता." सुभद्रा म्हणाली. "सर्वेशाक सगळा म्हायती."

सर्वेश एव्हाना मोठा झाला होता. पर्यटक वाढले तसं त्याने घराच्या मागच्या अंगाला खोल्या बांधायला काढल्या होत्या. नर्मदाने विचारलं की तो हसतमुखाने मोबाईल पुढे करायचा, "ह्यां बघ काकी," आणि बोटाने सर्रकन पान वर सरकवायचा. नर्मदाला चिठीची सवय: सगळ्यात खालचा आकडा तो आपला. मोबाईलवरचा खालचा आकडा मागच्या चिठीपेक्षा लहान दिसला. तिला वाटलं, मोबाईलवर नुसता या वर्षाचा हिशोब दाखवत असतील. एवढ्याशा काचेवर सगळी वर्षं मावणार कशी? विचारायची लाज वाटली. ज्याला हाताने मऊभात भरवला, त्याच्यापुढे आपलं अडाणीपण कशाला उघडं करा, असं म्हणून ती गप्प बसली. दरवर्षी गप्प बसली. आणि दरवर्षी मागच्या अंगाला एक खोली वाढली.

सुभद्राला अठ्ठावन्न पुरी झाली आणि नर्मदा निवृत्त झाली. तिचं स्वतःचं वय बावन्न. हात चालत होते, नजर शाबूत होती, पण कागदावरची बाई म्हातारी झाली होती. भाई मुकादमाने नारळ आणि साडी दिली. साडीच्या पिशवीवर नाव सुभद्राचं. "आता रोजार तरी घे माका," असं ती म्हणाली, तर भाईने हात वर केले. नव्या बायांनाच काम पुरत नव्हतं.

फंडाच्या ऑफिसचे लोक कारखान्यात एक दिवस येऊन बसणार होते. दोघी जावा गेल्या. सुभद्रा खुर्चीवर बसली, नर्मदा तिच्यामागे पिशवी धरून उभी राहिली. आजूबाजूच्या बायांना सगळं ठाऊक होतं, पण बाहेरच्या माणसासमोर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. टेबलामागचा बाबू सभ्य होता. त्याने कागद पाहिले आणि म्हणाला, "पेन्शन महिना सतराशेच्या आसपास बसेल, बाई."

"आणि तिसऱ्या रकान्यातले?" हे नर्मदाच्या तोंडून निघून गेलं.

"ते ह्यांच्या खात्यातले नव्हेत, बाई. ते सरकारच्या पेन्शनच्या पैशांत जमा होतात. पेन्शन ठरते वर्षांवर आणि पगारावर. मालकांनी पगार कमी दाखवलाय, त्याला मी काय करू?" मग त्याने पान उलटलं. "फंडात मात्र फारसं उरलेलं नाही. तीनदा उचल झालीय ना. घरासाठी."

मागे एका बाईने "अगो माझे आवशी!" म्हटलं, ते स्वतःच्या पाटल्यांसाठी. नर्मदा सुभद्राच्या अंबाड्याकडे बघत राहिली. सुभद्राने मागे वळून पाहिलं नाही, आणि नर्मदाला सगळं समजलं.

घरी आल्यावर तिने सरळ विचारलं. सुभद्रा चुलीशी बसून म्हणाली, "घराक लागले. घर खंय परक्याचा? तूय त्याच घरात रवतंस मां?"

"घर तुमचा. माझी तर खोपीयेवढी कुडाची खोली आसा. बरा, फंड जाव दे. पेन्शन माझी. देवासमोर बोललंस तू."

उत्तर सर्वेशने दिलं, आणि तेही आवाज न चढवता. "काकी, पेन्शन जेच्या नावाची तेची. तुझ्याकडे कागद आसा? ऑफिसात गेलंस तर पयलो प्रश्न तुकाच इचारतले, दुसऱ्याच्या नावार बसलंस कित्याक? आवशीची पेन्शन बंद होतली आणि केस होतली दोघींवर. मगे तुका काय मेळतला?"

खरं होतं ते. कारट्याने अगदी खरं तेच सांगितलं. बावीस वर्षं घाम गाळल्याचा पुरावा द्यायला जावं, तर तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरावा, अशी ती गाठ होती. नर्मदाने सुभद्राकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. सुभद्रा फुंकणीने चूल फुंकत राहिली, आणि धुराने पाणी आल्यासारखे डोळे पुसले. त्या दिवसापासून नर्मदा मागच्या खोल्यांच्या चादरी धुते. सर्वेश चादरीमागे पैसे देतो, वेळेवर देतो. आपल्याच फंडाच्या खोल्या, त्यांच्या चादरीही आपणच धुवायच्या. गिऱ्हाइकं म्हणतात, चादरी फार स्वच्छ असतात इथल्या.

पुढच्या नोव्हेंबरात रेशनच्या कार्डासाठी सगळ्यांनी अंगठा द्यायचा हुकूम निघाला. नर्मदा बाजारातल्या सेवा केंद्रात गेली. केंद्र शर्मिष्ठा नावाची एक चुणचुणीत बाई चालवते. तिने नर्मदाचा अंगठा यंत्रावर दाबला, पुसला, पुन्हा दाबला. मग दुसरा अंगठा. मग एकेक बोट. यंत्र तांबडंच.

"काजूत होतात वाटतं?" शर्मिष्ठा म्हणाली. "काजूवाल्यांचं हे असंच. रेषाच उरत नाहीत. बसा जरा, हात धुऊन या, मग बघू."

नर्मदा बाकावर बसली. तेवढ्यात सर्वेशच्या गाडीवरून सुभद्रा उतरली. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो, तिचा पहिलाच. सर्वेशने कागद टेबलावर ठेवले आणि तो फोनवर बोलायला बाहेर गेला. जावांची नजरानजर झाली. शर्मिष्ठाने यंत्र सारखं केलं आणि कागद बघून हाक मारली, "सुभद्रा धुरी!"

"हजर," नर्मदा म्हणाली आणि उठून उभी राहिली.

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. बावीस वर्षांची जीभ आणि बावीस वर्षांचे गुडघे, ते आपोआप हलले. शर्मिष्ठाने तिच्याकडे पाहिलं, मग सुभद्राकडे पाहिलं.

"तुमचं नाव सुभद्रा? मघाशी तर कार्डावर नर्मदा होतं."

केंद्रात कारखान्याच्या दोन बाया होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. सुभद्राचा चेहरा राखेसारखा झाला. आता नर्मदाने एवढंच म्हणायचं होतं की होय, मीच ती. आणि सतराशे रुपये, मागच्या खोल्या, सर्वेशची गोड बोलणी, सगळ्याचा निकाल त्या टेबलावर लागला असता. ते तिच्या ओठावर आलंही. तिला सुभद्राचा राग होता. पण केस दोघींवर होणार होती, आणि तिचा जामीन घ्यायला या जगात सर्वेशशिवाय कोणी नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "चुकला. ती सुभद्रा."

सुभद्रा टेबलापाशी गेली. तिने अंगठा ठेवला मात्र, यंत्र हिरवं झालं.

"अरे वा!" शर्मिष्ठाने तिचा हात उलटा करून पाहिला. "कागदावर काजूचा कारखाना, इतक्या वर्षांची नोकरी, आणि अंगठा असा? काय लावायचात हो हाताला?"

सुभद्रा खालच्या आवाजात म्हणाली, "राख चोळी. आणि खोबरेल."

"बघा," शर्मिष्ठा नर्मदाकडे वळून म्हणाली, "ह्यांनी काळजी घेतली. तुम्ही पण घ्यायला हवी होती, मावशी. झालं काकी, तुम्ही जिवंत आहात. पेन्शन चालू राहील." आणि तिने यंत्र फडक्याने पुसून नर्मदासमोर सरकवलं. "या, आता तुमचं परत बघू. नाव काय म्हणालात?"