दोन रंगांचं औषध
पेपरमिंटचा वास आला की शिरूरचा तो दवाखाना आठवतो. तिथं मी कंपाउंडर होतो. हृदयाचं दुखणं असलेल्या एका म्हातारबाबांना भरती केलं होतं. त्यांच्या बायकोनं पिशवीतून डोसांची कागदी पट्टी लावलेली बाटली आणि तिच्यासोबतची डॉक्टरांची चिठ्ठी काढली. "दादा, ह्ये दौंडचं औषध. तुमच्या तांबड्यासंगं ह्ये बी पाजू का?" खिडकीशी रांग होती, चिठ्ठी न वाचताच मी म्हणालो, "पाजा की!" तिसऱ्या दिवशी बाबा गेले. तेव्हा मी चिठ्ठी वाचली. दोन्ही बाटल्यांत औषध एकच होतं, दुप्पट पोटात गेलेलं. रंग तेवढा वेगळा. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही चालू होतं?" मी "नाही" म्हणालो, आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. जाताना म्हातारी मला म्हणाली, "एक बी डोस चुकवला न्हाई, दादा." तिनं नव्हताच चुकवला. चुकलो मी, हे आज लिहून ठेवतो.