करड्यावर पांढरा

आमच्या हिच्या मामांइतका काळजीखोर माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा आधी त्याची काळजी करायला लागतील. वणीला गडावर जायचं म्हटलं तरी ते सोबत दोर, शिट्टी आणि दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या घेतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना सगळे जेवण कुठे ते बघतात, मामा बाहेर पडायचं दुसरं दार बघतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार, पत्रिका सगळं विचारून झालं आणि कोपऱ्यातून मामांचा प्रश्न आला, "पोहता येतं का हो?" अहो, समुद्र कुठे, नाशिक कुठे! मी खरं ते सांगितलं, नाही. मामांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, गेलं आपलं लग्न. शेवटी साखरपुड्यापासून हळदीपर्यंत मी रोज सकाळी तलावात नाकातोंडात पाणी घेत होतो. त्या पोहण्याचा आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही. "होईल," मामा म्हणतात.

हे सगळं आलं एका आगबोटीतून. मामांचे वडील तरुणपणी घरी भांडून नामपूरहून निघाले ते थेट मुंबई बंदरात, आणि एका संस्थानिकाच्या खासगी आगबोटीवर कोळसा टाकायला लागले. बोट पांढरीशुभ्र. आत गालिचे, मखमली कोच, संध्याकाळी गाणंबजावणं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि सरकारने बोट ताब्यात घेतली. दोन-चार दिवसांत कोच गेले, गालिचे गेले, पाहुणे जिथे सरबत प्यायचे तिथे तोफ बसली आणि करडा रंग फासून बोट गस्तीला निघाली. वडील तेच, फावडं तेच, कोळसाही तोच. लढाई संपल्याचं रेडिओने सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. बोटीला पुन्हा पांढरा रंग लागला, त्या दिवशी ते पोटभर जेवले. ही गोष्ट ऐकत मामा वाढले. म्हणून त्यांच्या घरातल्या सोफ्याला चाकं आहेत. का, तर वेळ आली की मिनिटात बाहेर काढता यावा!

मामा अंबडच्या कारखान्यात फिटर होते. त्याच हातांनी त्यांनी वडिलांची बोट पत्र्यात घडवली. हातभर लांब, वर धुराडं, कडेला गोल खिडक्या आणि काढता-घालता येणारी तोफ. पुढे त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता नेव्हीत अधिकारी झाली. मामा तिला नको म्हणाले नाहीत, तिचा फॉर्म मात्र चार वेळा तपासला. ती गस्तीवर गेली की मामा बोट करडी करतात आणि तोफ बसवतात. बंदरात परतून तिने फोन केला की तोफ काढतात, बोट पांढरी करतात. मामी म्हणतात, "आमच्याकडे रंगाचा वास आला की शेजारी समजतात, पोर आली नाहीतर गेली." थरावर थर चढून बोट गुटगुटीत झालीय, खिडक्या पार बुजल्यात. "मामा, हिचं गोड बंद करा," अशी मी एकदा चेष्टा केली होती. तेव्हा मामाही हसले होते.

मागच्या रविवारी गेलो तर कुणी हसत नव्हतं. मुक्ताचा फोन यायचा दिवस उलटून आठवडा झाला होता. टीव्हीवर समुद्रातल्या तणावाच्या बातम्या होत्या, म्हणून मामींनी टीव्हीच बंद करून ठेवला होता. मामा जमिनीवर बसून पांढऱ्या रंगाचा डबा काडीने ढवळत होते.

"चार दिवस हेच चाललंय," मामी म्हणाल्या. "अहो, एवढ्यात उघडलात कशाला तो?"

"फोन आला आणि डबा उघडलाच नाही तर?" मामा म्हणाले. "आणि आता उघडलाय, तर साय धरायला नको."

मामा फार घाबरले की अहिराणीत शिरतात. माझ्याकडे बघून म्हणाले, "फोन का बरं नही उना? पोर कोठे शे?"

मला काय ठाऊक! रेंज नसेल, उशीर होतोच, असं काहीबाही मी बोललो आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. मामांनी बोट माझ्यापुढे धरली. टोकाला टवका उडाला होता आणि कापलेल्या कांद्यासारखे आतले थर दिसत होते.

"मोजा जावईबापू. दर करड्यावर पांढरा आहे. एकदाही चुकलेला नाही. नीट बघा ना तुम्ही."

मी नीट बघितलं. खरंच कुठे चुकला नव्हता. फक्त सगळ्यात वरचा थर करडा होता.

मामींनी आतून जेवायला हाक मारली. मामा उठेनात. शेवटी मीच म्हणालो, "काडी द्या इकडे. दोन घास खाऊन या." त्यांनी काडी माझ्या हातात दिली, उठले, दारातून पुन्हा मागे वळले.

"थांबवू नका हं," म्हणाले.

मी ढवळत बसलो. मामांचा फोन सोफ्यावर पडला होता, गप्प. लग्न झाल्यापासून या माणसाची टिंगल केली मी, पण हात थांबवायची माझी काही छाती झाली नाही.